करामोजो बेल आणि तोळाभराची गोळी

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांना शिकार आणि गाणे हे दोन विषय नवे नाहीत. दोन्ही शौक एकाच वाड्यांतून वाढले आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या अंगी नांदले. माझे वडील दरबारचे गवई. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. शिकारीच्या मुक्कामावर रात्री बैठक व्हायची, तेव्हा गाणे सुरू होण्यापूर्वी तासभर तरी कोणत्या बोअरची रायफल श्रेष्ठ यावर सरदारमंडळींत वाद रंगायचा, असे ते सांगत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. रायफली मात्र परवान्यावर काही घरांत राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर तो वादही राहिला. आता त्या घरांतले नातू कागदी निशाणावर नेम धरतात. पण शिकवणीच्या निमित्ताने मी तेथे जातो तेव्हा तंबोरा जुळेपर्यंत तोच जुना विषय कानावर पडतो.

हा वाद बहुधा एका काडतुसापाशी येऊन ठेपतो. इंग्रज त्याला .२७५ रिग्बी म्हणत. जर्मनांच्या हिशेबी ते ७×५७ माउझर. एक पक्ष म्हणतो, ही हरणाची रायफल, एवढ्याशा गोळीने थोर जनावर पडायचे नाही. दुसरा पक्ष एकच नाव पुढे करतो, आणि पहिल्याला क्षणभर गप्प बसावे लागते. ते नाव म्हणजे करामोजो बेल. ज्याच्या नावावर इतके वाद जिंकले जातात त्या माणसाचे आयुष्य मात्र वाद घालणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून ते येथे थोडक्यात सांगावे म्हणतो.

वॉल्टर डॅलरिंपल मेटलंड बेल याचा जन्म १८८० साली स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराजवळ, एका सुखवस्तू घरात झाला. आई तो अगदी लहान असतानाच गेली, आणि सहाव्या वर्षी वडीलही गेले. थोरल्या भावांनी त्याचा सांभाळ केला, पण शाळेत त्याचा जीव रमेना. शेवटी तेराव्या वर्षी तो जहाजावर चढला. डोक्यात एकच वेड होते : आफ्रिकेत जायचे आणि हत्तींची शिकार करायची. सोळा-सतरा वर्षांचा असताना तो पूर्व आफ्रिकेत पोहोचला. तेथे युगांडा रेल्वेचे काम नुकतेच सुरू झाले होते. आपल्या देशातून नेलेल्या हजारो मजुरांच्या श्रमांवर बांधली गेलेली ती हीच रेल्वे. या कामावर सिंह फार उपद्रव देत. सिंहांपासून रखवाली करण्याचे काम या पोराला मिळाले. हाती होती एका वेळी एकच काडतूस भरण्याची .३०३ ची रायफल.

हत्तींपर्यंत पोहोचायला मात्र अजून अवकाश होता. सोन्याच्या शोधात जग उत्तरेकडे धावत होते, तेव्हा बेलही कॅनडातील क्लोंडाइकला गेला. सोने त्याला लाभले नाही. मग खाणीवाल्यांना हरणांचे मांस पुरवण्याचा धंदा त्याने एका भागीदाराबरोबर केला. त्या भागीदाराने साऱ्या हंगामाची कमाई लांबवली आणि बेल निष्कांचन झाला. तेवढ्यात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. आफ्रिकेत परत जाण्याची ही फुकटची वाट आहे हे ओळखून तो कॅनडाच्या घोडदळात भरती झाला. लढाईत घोडा मारला गेला, तो शत्रूच्या हाती सापडला आणि निसटलाही. ज्या शेतकऱ्यांशी तो लढत होता त्या बोअर लोकांच्या हाती ७×५७ चीच माउझर रायफल होती, आणि दूरच्या अचूक नेमबाजीने त्यांनी इंग्रजी फौजांना जेरीस आणले होते. युद्ध १९०२ साली संपले. बेल उत्तरेकडे वळला आणि युगांडाच्या ईशान्येला करामोजो नावाच्या प्रदेशात शिरला. तेथे त्याने पुढली काही वर्षे काढली, आणि त्या प्रदेशाचे नाव त्याला जन्माचे चिकटले.

आता त्या काडतुसाविषयी. ५७ हा आकडा पितळी नळकांड्याची लांबी सांगतो आणि ७ हा नळीचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. माउझर कारखान्याने हे काडतूस १८९२-९३ च्या सुमारास सिद्ध केले आणि स्पेनच्या सैन्याने ते स्वीकारले. पुढे लंडनच्या जॉन रिग्बी या बंदुका बनवणाऱ्या पेढीने माउझरच्या यंत्रणेवर सुबक रायफली बांधल्या आणि इंग्रज गिऱ्हाइकासाठी आकडा इंचांत करून त्याला .२७५ म्हटले. त्या काळच्या गोळीचे वजन १७३ ग्रेन. आपला जुना तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे ही गोळी तोळ्याला थोडी कमीच. उलट हत्तीसाठी म्हणून खास विकल्या जाणाऱ्या .५७७ च्या दुनळीची गोळी ७५० ग्रेनांची, म्हणजे चार तोळ्यांहून जड, आणि.६०० ची ९०० ग्रेनांची, म्हणजे भरपूर पाच तोळे. त्याच्याही आधी काळ्या दारूच्या जमान्यात पाव पौंड वजनाचा गोळा उडवणाऱ्या बंदुका हत्तीवर चालत. अशा परंपरेत कोणी तोळ्याच्या आतली गोळी घेऊन हत्तीपुढे उभा राहिला, तर लोकांनी त्याला वेडा ठरवावे यात नवल नाही.

पण बेल वेडा नव्हता. त्याने आधी हत्ती शिकून घेतला. मारलेल्या हत्तीची कवटी करवतीने उभी चिरवून त्याने मेंदू नेमका कोठे असतो हे पाहिले. हत्तीचे डोके केवढे थोरले दिसते! पण त्यातला बहुतेक भाग मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ हाडाचा असतो. मेंदू चार-पाच किलोंचा, आणि तो फार मागे, दोन्ही कानांच्या छिद्रांच्या मधल्या रेषेवर दडलेला. समोरून, बाजूने, तिरके उभे असताना, डोके वर असताना, खाली असताना ती जागा बाहेरून कोठे धरायची, याची चित्रे त्याने काढली. चित्रकलेत त्याचा हात चांगला होता. स्वतःच्या पुस्तकांतली चित्रे त्यानेच काढली आहेत. मागून तिरक्या कोनातून मेंदूवर मारण्याचा अवघड नेम तर आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. शिवाय रिकाम्या रायफलीने दिवसभर नेम धरण्याचा सराव तो कधी चुकवीत नसे. उडते पक्षी लोक छऱ्याच्या बंदुकीने टिपतात. बेल ते रायफलच्या एकेका गोळीने पाडी.

एवढी जागा हेरल्यावर प्रश्न राहिला तो तेथवर गोळी पोहोचवण्याचा. लांबट, गोल टोकाची, अखंड धातूच्या कवचाची गोळी हाडातून वाट न सोडता सरळ जाते हे त्याने अनुभवाने ठरवले. मऊ टोकाची गोळी आत फुलते आणि अडते; ती येथे उपयोगाची नाही. मोठ्या दुनळीचे वजन तेरा-चौदा पौंड. ती नोकराच्या खांद्यावर द्यावी लागते आणि नेमक्या क्षणी मागून घ्यावी लागते. .२७५ ची रायफल साडेसात पौंडांच्या आसपास. ती उन्हातान्हात दिवसभर स्वतःच्या हाती ठेवता येते. तिचा मागचा धक्का सौम्य, त्यामुळे चाप ओढताना खांदा दचकत नाही. तिच्या पोटात पाच काडतुसे राहतात. आणि बाराचा आवाज लहान, म्हणून कळपातले इतर हत्ती लगेच उधळत नाहीत. याहून साधे एक कारण होते. त्याला ६.५ मिलिमीटरची मॅनलिकर रायफल तिच्या हलकेपणामुळे फार आवडे. पण तिच्या काडतुसांनी त्याला दगा दिला. ७ मिलिमीटरच्या जर्मन काडतुसांनी दिला नाही. त्याच्या या लाडक्या रायफलीमागे जादू नव्हती. काडतूस दर वेळी उडते, हा भरवसा होता.

गाणे शिकवणाऱ्याला या गोष्टीत काही अपरिचित वाटत नाही. नवे विद्यार्थी येतात तेव्हा तंबोरा मिरजेचा घ्यावा की दुसरीकडचा, तार कोणत्या नंबरची चढवावी, जवारी कशी लावावी यावर तासन्‌तास बोलतात. हे प्रश्न खोटे नाहीत. वाईट तारेवर चांगला सूर निघत नाही. पण षड्ज कोठे आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याला कोणतीही तार तो दाखवून देत नाही. मोठ्या आवाजाचा गवई सुराच्या जवळपास आला तरी सभा दणाणून जाते. लहान आवाजाच्या माणसाला सुरावरच बसावे लागते, त्याला दुसरा आसरा नसतो. बेलची गत त्या लहान आवाजाच्या गवयासारखी होती.

त्याच्या हिशेबाच्या वहीप्रमाणे त्याने आयुष्यात १,०११ हत्ती मारले. त्यांत माद्या २८; बाकी सारे सुळेवाले नर. यांतला फार मोठा भाग त्या तोळाभराच्या गोळीने पडला. एका नरामागे सरासरी ७३ मैल चालावे लागे आणि वर्षाला बुटांचे २४ जोड झिजत, असा हिशेबही त्याने मांडून ठेवला आहे. हा माणूस हौसेने शिकार करणारा नव्हता. तो हस्तिदंताचा व्यापारी होता. एका दिवशी नऊ हत्ती पाडून त्यांच्या दातांचे मोल ८७७ पौंड झाल्याचे त्याने नोंदवले आहे. करामोजोनंतर तो लाडो नावाच्या टापूत गेला. हा टापू बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या हयातीपुरता त्याच्याकडे होता. १९०९ च्या डिसेंबरात राजा वारला, आणि १९१० साली सुदान सरकारने ताबा घेईपर्यंत तेथे धड कोणाचाच अंमल राहिला नाही. त्या काही महिन्यांत चारी दिशांनी शिकारी तेथे तुटून पडले. त्यांत बेलही होता. पुढे तो पश्चिम आफ्रिकेतही हिंडला. तेथे .२२ सॅव्हेज या याहूनही चिमुकल्या काडतुसाने त्याने रानरेडे मारल्याची नोंद आहे, आणि ती ऐकली की वादातल्या लहान गोळीच्या पक्षाला आणखी स्फुरण चढते.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो विमान चालवायला शिकला आणि इंग्रजी हवाई दलातून पूर्व आफ्रिका व बाल्कन आघाड्यांवर लढला. त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. युद्धानंतर लग्न करून तो स्कॉटलंडमध्ये स्थिरावला. १९२३ साली त्याचे हत्तीच्या शिकारीवरील पहिले पुस्तक निघाले, १९४९ साली करामोजोवरचे दुसरे. म्हातारपणी स्कॉटलंडच्या डोंगरात तो .२२० स्विफ्ट नावाच्या वेगवान काडतुसाने हरणे मारी आणि त्याविषयी अमेरिकन नेमबाजांच्या मासिकात लिहीत असे. १९५४ साली तो वारला. त्याच्या उरलेल्या लिखाणाचे पुस्तक १९६० साली प्रसिद्ध झाले.

ही झाली एका पक्षाची बाजू. दुसऱ्या पक्षाचा मोठा वकील जॉन टेलर. हा आयर्लंडचा, मोझांबिकच्या रानात त्याने उमर घालवली. १९४८ साली त्याने आफ्रिकेतील रायफली आणि काडतुसे यांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. गोळीचे वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून ७००० ने भागायचे, म्हणजे त्या गोळीचा तडाखा किती हे कळते, असे त्याचे गणित. या गणिताने .२७५ च्या वाट्याला सोळाच्या आसपास गुण येतात, आणि .५७७ च्या वाट्याला सव्वाशेच्या वर. टेलरचे म्हणणे पोकळ नव्हते. दाट झाडीत, दहा-बारा पावलांवर, हत्ती अंगावर येत असताना नेम दोन बोटे चुकणारच. मोठी गोळी मेंदूच्या जवळून गेली तरी त्या धक्क्याने हत्ती खाली बसतो आणि माणसाला दुसरा बार काढायला उसंत मिळते. लहान गोळी चुकली तर काहीच होत नाही. जे होते ते माणसाचे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बेल पुष्कळदा मोकळ्या गवताळ मुलखात हिंडला. तेथल्या बऱ्याच हत्तींनी बंदुकीचा आवाज ऐकलेला नव्हता. मनासारखा कोन मिळेपर्यंत तो थांबे. घाई त्याच्यावर येत नसे. पुढच्या काळातले हत्ती माणसाला ओळखू लागले होते आणि झाडीत शिरले होते. म्हणजे टेलर आणि बेल हे एका प्रश्नाची दोन उत्तरे देत नव्हते. त्यांचे प्रश्नच वेगळे होते. आफ्रिकेतील अनेक देशांनी पुढे हत्तीसाठी .३७५ ही किमान मर्यादा कायद्याने घातली ती याच कारणाने. बेलसारखा नेम सर्वांचा नसतो, आणि कायदा सर्वांसाठी असतो. ज्यांनी बेलची रायफल घेतली पण चिरलेली कवटी पाहिली नाही, त्यांनी हत्ती मारले त्यापेक्षा घायाळ जास्त केले, आणि घायाळ हत्तीचा राग पुढच्या कोणा निरपराध वाटसरूवर निघाला.

आपल्याकडचे उदाहरणही याला धरूनच आहे. १९०७ साली कुमाऊँतील चंपावतची नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेटसाहेबांनी मारली, तेव्हा संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी त्यांना जी रायफल भेट दिली ती .२७५ रिग्बीच. ती त्यांना फार प्रिय होती. पण वाघाची कातडी पातळ आणि हाड हत्तीसारखे नाही. आणि मोठ्या बोअरची.४५०/.४०० ची दुनळीही त्यांच्यापाशी होती, गरज पडे तेव्हा ते ती उचलीत. ज्याला रान कळते तो एका आकड्याचा अभिमान धरीत नाही.

पण या साऱ्या वादात ज्याचा शब्द कधी ऐकू येत नाही तो हत्ती. एक हजार अकरा हा आकडा नेमबाजीचा दाखला म्हणून सांगितला जातो. तो हत्तींच्या बाजूनेही वाचला पाहिजे. हत्तिणीच्या पोटात गर्भ बावीस महिने राहतो, आणि नर पुरा भरात यायला तीस-पस्तीस वर्षे लागतात. बेल निवडून मारी ते सर्वांत थोरले, सर्वांत लांब सुळ्यांचे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे बियाणेच त्याने आणि त्याच्यासारख्यांनी उचलून नेले. बेलला त्या काळी कोणी दोष दिला नाही. आणि तो मागे हटता तर दुसऱ्या कोणी तेच केले असते. २०१६ च्या अहवालात निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने साऱ्या आफ्रिका खंडातले हत्ती सुमारे ४,१५,००० धरले आहेत.

आणि ते दात गेले कोठे? पियानोच्या पट्ट्यांत आणि बिलियर्डच्या चेंडूंत गेले, हे तर सर्वश्रुत आहे. पण आफ्रिकेचा हस्तिदंत मुंबई बंदरात उतरून आपल्याकडेही भरपूर येई. त्याचे चुडे झाले, डब्या झाल्या, मूर्ती झाल्या. आणि आमच्या वाद्यांचेही पुष्कळ काही झाले. जुन्या तंबोऱ्यांची घोडी, तारेतले मणी, तुंब्यावरची वेलबुट्टी हस्तिदंताची असे. माझ्या वडिलांच्या तंबोऱ्याची घोडी हस्तिदंती आहे. तिच्यावर लावलेली जवारी फार दिवस टिकते आणि सूर गोड गोल निघतो, हे मी नाकारू शकत नाही. तो तुकडा कोणत्या रानातल्या कोणत्या हत्तीचा, त्याला तोळाभराची गोळी लागली की पाच तोळ्यांची, हे त्या घोडीवर लिहिलेले नाही. १९८९ साली जगातील देशांनी आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी घालण्याचे ठरवले, आणि १९९१ साली आपल्या कायद्यानेही तो व्यापार बंद केला. आता नव्या तंबोऱ्यांना हाडाची, शिंगाची किंवा लाकडाची घोडी बसवतात. कारागिराने मन लावून जवारी काढली तर तीही सुरात बोलते. विद्यार्थ्यांना मी तीच घ्यायला सांगतो.